नव्वद दिवसांचे हे परंतुक रद्द करा!

राष्ट्रीय तपास यंत्रणा कायद्याच्या कलम २१ मध्ये एका ओळीचे परंतुक आहे. ९० दिवस उलटल्यावर कोणतेही अपील दाखल करून घेतले जाणार नाही, असे ते बजावते. उशिराचे कारण कितीही खरे असो, कैदी निर्दोष का असेना, ९१व्या दिवशी उच्च न्यायालयाचा दरवाजा बंद! ही ओळ अन्यायाची आहे, आणि ती कायद्यात घालणाऱ्या संसदेने नागरिकाच्या स्वातंत्र्याशी द्रोह केला आहे.

हा कायदा २६/११च्या रक्तपातानंतर, डिसेंबर २००८मध्ये झाला. मुंबईच्या जखमा ओल्या होत्या. दहशतवाद्यांना जरब बसवायलाच हवी होती. त्याबद्दल आमचा वाद नाही. पण अपिलाची वाट बुजवून कोणता दहशतवादी पकडला जातो? विशेष न्यायालयाचा निकाल योग्य असेल, तर तो वरच्या न्यायालयातही टिकेल. चुकीचा असेल, तर निर्दोष माणूस आत सडेल आणि बॉम्ब ठेवणारा मोकळा फिरेल.

याच कलमाचे दुसरे पोटकलम वाचा. दाखल झालेले अपील उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत निकाली काढावे, असे ते म्हणते, पण ‘शक्यतो’! न्यायालयाला ‘शक्यतो’ची सवलत आणि कोठडीतल्या माणसाला मात्र नव्वद म्हणजे नव्वद. सरकारलाही हीच मुदत आहे, असे कोणी सांगेल. सरकारपाशी वकिलांची फौज आहे, कचेऱ्या आहेत, तिजोरी आहे. कैद्यापाशी काय आहे?

सर्वसाधारण खुनाचा खटला घ्या. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, तर १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयात जायला ६० दिवस मिळतात. ते चुकले, तरी त्याच कायद्याचे कलम ५ मदतीला येते: पुरेसे कारण दाखवा, विलंब माफ होऊ शकतो. या माफीला दिवसांची कमाल मर्यादा नाही. म्हणजे दोषी ठरलेल्या खुन्याचे म्हणणे ऐकायचे, आणि ज्याला नुसता जामीन नाकारला आहे, ज्याचा खटलाही संपलेला नाही, त्या कच्च्या कैद्याला तोंडही उघडू द्यायचे नाही!

उशीर का होतो, हे तुरुंगाच्या फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या कोणत्याही आईला विचारा. आधी निकालाची प्रमाणित प्रत मिळवायची. मग फीची जुळवाजुळव, वकिलाचा शोध, वकीलपत्रावर आतल्या माणसाची सही. मोफत वकील हवा, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज आणि नेमणुकीची वाट. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८मध्येच बजावले होते, की निकालाची मोफत प्रत वेळेत मिळणे आणि गरीब कैद्याला अपिलासाठी वकील मिळणे हा त्याचा घटनादत्त हक्क आहे. तो हक्क पोहोचवण्यात यंत्रणेने कुचराई करायची आणि शिक्षा कैद्याने भोगायची? करोनाच्या साथीत लोकांना घराबाहेर पडता येईना, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. योग्यच केले. पण बराकीतल्या माणसाला तर कोणत्याच दिवशी बाहेर पडता येत नाही!

केरळ उच्च न्यायालयाने २०१५मध्ये ही मुदत अलंघ्य मानली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये उलट निर्णय दिला: पुरेसे कारण असेल, तर नव्वद दिवसांनंतरचा विलंबही माफ करता येतो. या धैर्याबद्दल आम्ही त्या न्यायमूर्तींचे ऋणी आहोत. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आरोपींची आणि पीडितांची अपिले केवळ या कारणावरून फेटाळू नयेत, असे अंतरिम आदेशात सांगितले. पण अंतरिम आदेश म्हणजे कायदा नव्हे. माणसाचे स्वातंत्र्य तो कोणत्या राज्यात पकडला गेला आणि त्याच्यापुढे कोणते खंडपीठ बसले, यावर का ठरावे? न्यायमूर्तींना ‘नाही’चा अर्थ ‘होय’ लावायची पाळी आणणारा कायदा संसदेनेच दुरुस्त केला पाहिजे.

महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा सदस्यांना आमची मागणी आहे: पक्षाचे झेंडे बाजूला ठेवा, आणि कलम २१च्या पाचव्या पोटकलमातील ते दुसरे परंतुक रद्द करणारे विधेयक येत्या अधिवेशनात मांडा.