मानांकन डाळीला, आपण विकतो तूर



२०२४ साली आपल्या शेजारच्या निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. पानचिंचोलीच्या चिंचेला आणि जालन्याच्या दगडी ज्वारीलाही मिळाले. आम्हाला आनंद आहे. पण मानांकन मिळाले डाळीला, आणि आपण लातूरच्या मोंढ्यात नेतो ती तूर. तिचा भाव ठरतो ओल आणि डाग बघून. नाव चिकटते ते पुढे, मिलमधून पोते बाहेर पडताना.

इटलीतील द्राक्षवाल्यांपुढे हाच पेच होता. (वाइनचे नाव काढले म्हणून माळकऱ्यांनी रागावू नये, गोष्ट पिकाची आहे.) तिथे १९६३ च्या कायद्याने वाइनच्या नावांना पायऱ्या आल्या. तळाला साधी टेबल वाइन, तिच्यावर 'डीओसी', सर्वांत वर 'डीओसीजी'. बारोलो हे नाव लावायचे तर द्राक्षे ठरलेल्या ११ गावांतलीच हवीत, वाण फक्त नेब्बिओलो, आणि माल ३८ महिने मुरलेला.

शिक्क्यानेच भाव मिळतो असेही नाही. किआंतीच्या नियमात तांबड्या द्राक्षांत पांढरी मिसळण्याची सक्ती होती. अँतिनोरी घराण्याने ती झुगारली आणि 'तिन्यानेल्लो' साधी टेबल वाइन म्हणून विकली. गिऱ्हाइकाने तिला किआंतीहून चढा दाम दिला. सरकारला पुढे नियम बदलावे लागले. सरकार बाजाराच्या मागून येते, हे आपल्याला नवे नाही.

आम्हाला मोलाची वाटते ती बार्बारेस्को गावाची गोष्ट. १९५८ साली तिथल्या पाद्र्याने १९ लहान शेतकरी एकत्र केले. द्राक्षे विकण्याऐवजी त्यांनी स्वतः वाइन केली. पहिली तीन वर्षे जागा कुठली, तर चर्चचे तळघर! १९८० साली त्या गावाच्या नावाला सर्वांत वरची पायरी मिळाली तेव्हा माल आणि नाव दोन्ही त्यांच्या हातात होते.

आपला कापूस जिनिंगच्या ढिगात पडला की कुणाच्या रानाचा, हे देवालाही सांगता येत नाही. तुरीचे तसे होऊ द्यायचे नसेल तर हालचाल आत्ताच हवी. १९९९ च्या कायद्याप्रमाणे मानांकन मिळाले तरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद वेगळी करावी लागते, अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो. बोरसुरीच्या हद्दीतील किती शेतकऱ्यांनी तो केला, आणि त्यांतले किती जण डाळ स्वतः भरडून घेतात, याचा हिशोब किल्लारीच्या बैठकीत मांडू. निलंग्याकडच्या भावांनी सातबारा सोबत आणावा.