भाकरीचा मान

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर तेरखेडा नावाचे गाव आहे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो. फटाके तयार करणारे गाव म्हणून तेरखेड्याचे नाव महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. जेथे शोभेची दारू हाताळावयाची, तेथे चूल पेटविणे तर दूरच, साधी काडीही ओढता येत नाही. त्यामुळे या कामावर जाणाऱ्याला दुपारचे जेवण घरूनच बांधून न्यावे लागते. शेतावर जाणाऱ्याचीही तीच रीत. ज्वारीच्या दोन-तीन भाकरी, त्यांवर शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी, एखादी कोरडी भाजी किंवा घट्ट झुणका आणि एक कांदा, एवढे फडक्यात बांधले की शिदोरी तयार होते. ती पुन्हा तापवावी लागत नाही, वाटेत सांडत नाही आणि दिवस कलेपर्यंत विटतही नाही. सोय, चव आणि पोषण या तिन्ही गोष्टी इतक्या थोडक्या सामग्रीत साधणारे जेवण विरळाच.

असे असूनही या जेवणाच्या वाट्याला मान मात्र फारसा येत नाही. घरी पाहुणा आला की काठवट बाजूला सरते आणि पोळपाट पुढे येतो. भाकरी घरच्यांसाठी, पोळी पाहुण्यांसाठी, अशी जणू वाटणीच ठरून गेलेली असते. शाळेच्या डब्यात भाकरी असेल तर एखादा मुलगा डब्याचे झाकण अर्धवट उघडून, आडोशाला बसून जेवतो. महामार्गाच्या कडेला ढाब्यावर बसून तंदुरी रोटी खाणे त्याला मोठेपणाचे वाटते. घरची भाकरी त्याला गरिबीची खूण वाटते. ही समजूत चुकीची आहे. तिचे दुष्परिणाम ताटापुरते राहत नाहीत, ते थेट शेतापर्यंत जाऊन पोहोचतात.

या समजुतीचे मूळ शोधणे अवघड नाही. पूर्वी या भागात गहू थोडका पिके व महाग मिळे. त्यामुळे पोळी सणावारी होई, आणि जे सणाला होते ते थोर, जे रोज होते ते सामान्य, अशी मनाची धारणा बनली. परंतु रोजची वस्तू सामान्य असते हे तरी कोठे खरे आहे? पाणी रोजचे आहे, ऊन रोजचे आहे, आणि त्यांच्यावाचून कोणाचेही चालत नाही.

प्रथम अन्न म्हणून भाकरीचा विचार करावा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात. या बाबतीत ती गव्हापेक्षा फारशी मागे नाही. तंतुमय भाग आणि लोह हेही तिच्यात चांगल्या प्रमाणात असतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक मात्र कमी पडतो. हा घटक डाळींत भरपूर असतो. उलट डाळींत मेथिओनिन नावाचा जो घटक कमी असतो, तो धान्यातून मिळतो. म्हणजे भाकरीबरोबर पिठले, तुरीचे वरण किंवा हुलग्याचे माडगे खाणारा माणूस एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढीत असतो. ज्या आजीबाईंनी ही जोडी लावून दिली, त्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव हेच त्यांचे पुस्तक होते. त्यात तीळ, जवस व कारळ यांच्या चटण्या आणि अंबाडीसारखी पालेभाजी यांची भर पडली, म्हणजे हे साधे ताट कोणत्याही श्रीमंती पंक्तीला हार जाणार नाही.

आता ताटावरून दृष्टी शेताकडे वळवावी. रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पेरतात. पावसाळ्यात काळ्या जमिनीने जी ओल पोटात साठविलेली असते, तिच्यावर आणि हिवाळ्याच्या थंडीवर ती वाढते. पुष्कळ ठिकाणी तिला विहिरीचे पाणीही द्यावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेला ‘मालदांडी’ हा वाण याच गुणांमुळे आजही या प्रदेशातील शेतकऱ्यांच्या आवडीचा आहे. ज्या मुलखात पाऊस अनेकदा दगा देतो, तेथे थोड्या पाण्यात पिकणारे धान्य म्हणजे मोठाच आधार.

ज्वारी केवळ माणसालाच पोसते असे नाही. कणसे खुडून घेतल्यावर उरणारा कडबा हा गुराढोरांचा वर्षभराचा चारा असतो. भूम आणि वाशी हे तालुके खव्यासाठी प्रसिद्ध आहेत. कुंथलगिरी या जैन तीर्थक्षेत्राच्या नावाने ओळखला जाणारा पेढा दूरदूरच्या गावी जातो. या खव्याच्या कढईत जे दूध आटते, ते ज्या जनावरांचे, त्यांच्या दावणीला कडबा पडलेला असतो. भाकरी मागे पडली की ज्वारीचा पेरा घटतो. पेरा घटला की कडबा महागतो. कडबा महागला की दावणीची गुरे कमी होतात. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर येत नाही. अशा रीतीने जेवणाच्या ताटातील एका बदलाचा धक्का गोठ्यापर्यंत बसतो.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्वारी इतकी गुणाची, तर शेतकऱ्याने ती कमी का केली?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याला दोष देऊन मिळणार नाही. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत येते आणि रोख पैसा देते. रब्बी ज्वारीची काढणी मोठ्या कष्टाची असते, आणि त्या कामाला माणसे मिळेनाशी झाली आहेत. शिवाय स्वस्त धान्याच्या दुकानांतून प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळत राहिले. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्यही एक रुपया किलोने देण्याची तरतूद केली होती; तरीही बहुतेकांच्या पिशवीत गहू-तांदूळच आले. या धान्याने असंख्य घरांतील चुली पेटत्या ठेवल्या, हे उपकार विसरून चालणार नाही. म्हणून गव्हाला नावे ठेवून ज्वारीचा मान वाढविणे हा योग्य मार्ग नव्हे. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी याच मराठवाड्यातील माणसांनी खाल्ली. पांढऱ्याशुभ्र शाळूची सवय असलेल्या जिभेला ती रुचत नसे. परंतु तिने जीव जगविले. भूक पाहिलेला माणूस कोणत्याही धान्याला हलके म्हणत नाही.

दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे आणि तो घरातील स्त्रीच्या बाजूने येतो. गव्हात ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ असल्यामुळे कणीक ताणली जाते आणि पोळी लाटता येते. ज्वारीत तो नसतो. म्हणून तिचे पीठ ऊन पाण्याने मळावे लागते, तळहाताने रगडावे लागते आणि एकेक भाकरी हाताने थापावी लागते. पीठ जुने झाले असेल तर भाकरीला चिरा पडतात. तव्यावर टाकलेल्या भाकरीला पाणी फिरवताना बोटांना चटके बसतात. पाच-सात माणसांच्या घरात हे काम दोन्ही वेळा करावे लागते आणि ते बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येते. तिने पोळीचा किंवा भाताचा सोपा मार्ग धरला, तर तिला बोल लावण्याचा अधिकार आयती भाकरी खाणाऱ्याला नाही. ‘भाकरीसारखे अन्न नाही’ असे जेवताना म्हणावयाचे आणि ती थापताना मात्र चुलीकडे फिरकावयाचे नाही, ही खरी कदर नव्हे. ज्या घरातील मुलगे आणि पुरुष काठवटीपुढे बसून पीठ मळावयास शिकतील, त्या घरात भाकरी टिकेल. पहिली भाकरी वाकडी होईल, दुसरी तुटेल. चौथी-पाचवी तव्यावर टम्म फुगेल. हे कौशल्य मुलीच्या हाताला जसे येते, तसेच मुलाच्या हातालाही येते.

बाहेर जेवूच नये, असा या साऱ्याचा अर्थ कोणी घेऊ नये. प्रवासात ढाब्यावर थांबणे, निराळ्या प्रांताची भाजी चाखणे, यांत आनंद आहे आणि शिक्षणही आहे. पंजाबची रोटी, दक्षिणेची इडली आणि मराठवाड्याची भाकरी ही सारी त्या त्या मातीची लेकरे आहेत. दुसऱ्याच्या ताटाचे कौतुक करावे. मात्र त्यासाठी आपल्या ताटाची लाज बाळगण्याचे कारण नाही.

भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च 2021 मध्ये ठराव केला आणि 2023 हे वर्ष जगभर ‘आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष’ म्हणून साजरे झाले. ज्या ज्वारी-बाजरीला गावात मागासलेपणाचे लक्षण समजत, तिचे गोडवे मोठमोठ्या शहरांत गाइले जाऊ लागले. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु शहरातील उपाहारगृहाने मान दिल्यावरच भाकरीला मान द्यावा, हेही बरे नव्हे. शहराची आवड आज आहे, उद्या बदलेल. ज्या घरी ज्वारी पिकते त्या घरी तिची कदर असली, तरच ती टिकेल. आणि त्या कदरीत शेतकऱ्याच्या पदरी पडणारा रास्त भावही आला पाहिजे. कोरड्या कौतुकाने पेरणीचा खर्च भागत नाही.

धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येला ‘वेळा अमावास्या’ साजरी होते. लोक तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलतात. हिरव्यागार ज्वारीच्या रानात काळ्या आईची पूजा होते. मग ज्वारीचे पीठ आणि ताक यांची आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे असा बेत होतो. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसविले जाते. तेथे गरीब-श्रीमंत, घरचा-परका असा भेद उरत नाही. आणि ज्वारीचे अन्न पुढे ठेवताना यजमानाला संकोच वाटत नाही, अभिमान वाटतो. ज्या अन्नाने त्या दिवशी पाहुण्याचा सन्मान होतो, ते दुसऱ्याच दिवशी हलके कसे ठरावे?

येळवशीचा हा अभिमान वर्षाच्या बाकीच्या दिवशीही ताटात उतरला पाहिजे. शाळेच्या डब्याचे झाकण मोकळेपणाने उघडले जावे, पाहुण्याच्या पानात पोळीशेजारी भाकरीलाही जागा मिळावी आणि ती थापणाऱ्या हातांना घरातील इतर हातांची जोड मिळावी. जमीन कसणाऱ्याच्या आणि चुलीपुढे बसणाऱ्याच्या कष्टांची जाणीव ठेवून खाल्लेला चतकोरही अंगी लागतो.