ड्यूकसाहेबांच्या खारी

खार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती पाठीवर पट्टे मिरवणारी, खिडकीपाशी येऊन चिरचिर करणारी चिमुकली. ब्रिटनची मूळ खार मात्र निराळी. अंगावर पट्टे नाहीत, रंग तांबूस, कानांवर केसांचे झुपके आणि स्वभाव लाजराबुजरा. लंडनच्या बागेत पर्यटकांच्या अवतीभवती धीटपणे फिरते ती ही नव्हेच. ती करड्या रंगाची, अंगाने दणकट आणि मूळची उत्तर अमेरिकेची.

ही परदेशी पाहुणी इथे आली कशी? १८७६ मध्ये चेशायरमधील हेन्बरी पार्क येथे तिला बागेची शोभा म्हणून सोडण्यात आले. पुढे श्रीमंतांच्या बागांतून ती एक हौसच होऊन बसली. १८९० मध्ये न्यू जर्सीहून आणलेल्या दहा खारी वोबर्न येथे सोडल्या गेल्या. त्यांच्या वंशातल्या खारी बेडफर्डचे अकरावे ड्यूक पुढे स्नेह्यांना चक्क भेट म्हणून देऊ लागले. गंमत पाहा, चीनमधून नाहीशी झालेली पेर डेव्हिड हरणांची जात वाचली ती याच ड्यूकसाहेबांनी वोबर्नला जपलेल्या कळपामुळे! प्राण्यांवर एवढी माया करणाऱ्याच्या हातूनच तांबड्या खारीचे दिवस फिरले.

करडी खार तांबडीशी भांडत नाही. ती कच्चे एकफळही पचवते, त्यामुळे तांबडीच्या वाट्याचे आधीच संपते. शिवाय तिच्यासोबत देवीसारखा एक विषाणू हिंडतो. करडीला त्याचे काहीच होत नाही. तांबडी मात्र पंधरवड्यात दगावते. २०१८ च्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे २७ लाख होत्या, तर तांबड्या तीन लाखांहूनही कमी, त्याही बहुतेक स्कॉटलंडमध्ये.

करड्या खारी मुळातच चिवट, त्या आपापल्या झपाट्याने पसरल्या, असे बरीच वर्षे मानले जाई. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील लिसा सिन्योरीले यांनी खारींचा डीएनए तपासला, तेव्हा चित्र वेगळेच निघाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ठिकठिकाणच्या खारी आपसांत फारशा मिसळलेल्याच नव्हत्या. जिथे ज्या सोडल्या, तिथे त्यांचेच रक्त टिकून होते. उत्तरेकडील ॲबर्डीनच्या खारींचे सर्वांत जवळचे आप्त सापडले ते पार दक्षिणेकडच्या न्यू फॉरेस्टमध्ये! एवढा पल्ला खार काही उड्या मारत गाठणार नाही. कुणीतरी माणसानेच तिला नेले असणार. इटलीतल्या खारींच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सुरुवातीच्या खारी थोड्या आणि त्यांच्यात आनुवंशिक विविधता कमी असेल, तर प्रसार सावकाश होतो. म्हणजे बाहेरून नवे रक्त येऊ न देणे हाही एक उपायच.

करड्या खारी आयात करण्यास व पाळण्यास ब्रिटनमध्ये १९३७ सालीच बंदी झाली होती. पण तोवर खारी देशभर पोहोचल्या होत्या. एखादा मुलूख करड्या खारींपासून मोकळा करता येतो, हे वेल्सजवळच्या अँगलसी बेटाने दाखवले. तिथे १९९८ च्या सुमारास तांबड्या खारी जेमतेम चाळीस उरल्या होत्या. करड्या पकडण्याची मोहीम चिकाटीने चालली आणि २०१३ मध्ये बेट त्यांच्यापासून मुक्त झाले. तांबड्यांची संख्या पुढे सातशेच्या घरात गेली. हे बेट मुख्य भूमीशी दोन पुलांनी जोडलेले आहे. म्हणून ही मोहीम पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रानांतही न्यावी लागली.