दात न रुतवता

ब्रिटनमधील शिकारी कुत्र्यांच्या क्लबांत सरावाच्या दिवशी जे शिकवले जाते, ते मुख्यतः संयमाचे शिक्षण आहे, असे आमचे मत आहे. लॅब्रडॉर वा स्पॅनियलला धावणे शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते बसून राहणे. फुसका बार होतो, कॅनव्हासची भरीव गुंडाळी दूर गवतात पडते, आणि आज्ञा मिळेपर्यंत कुत्र्याने जागचे हलायचे नसते. मग ती हुडकून, दात न रुतवता, मालकाच्या हाती द्यायची. पक्ष्याला चिरडणारा कुत्रा स्पर्धेत बाद होतो.

गुंडाळी फेकणारा बहुधा स्वयंसेवक असतो. चिखलापावसात तो इतरांच्या कुत्र्यांसाठी उभा राहतो. बक्षीस मात्र कुत्र्याला आणि त्याच्या मालकाला.

या शिस्तीचा शेवट पक्ष्याच्या मृत्यूत होतो, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांच्या झुंडीने कोल्हा मारणे बेकायदेशीर ठरले. बंदुकीने पाडलेला पक्षी कुत्र्याकरवी आणवणे मात्र चालूच आहे. कुत्र्याच्या हळुवारपणाने बंदूक निर्दोष ठरत नाही.

तरीही साहित्याच्या अध्यापकांनी या सरावाकडे पाहावे. कलाकृतीवर तुटून पडणे विद्यार्थ्याला लवकर जमते. ती अभंग वाचकाच्या हाती देणे फार उशिरा. शिवाय आपल्या कार्यशाळांत धावणारे पुष्कळ असतात. गुंडाळी फेकायला उभा राहणारा शोधावा लागतो.