आजीला शब्द आठवत नाही, की आपल्याला थांबवत नाही?

घड्याळ लावा आणि एका मिनिटात सुचतील तेवढ्या प्राण्यांची नावं घ्या. म्हाताऱ्या माणसांची स्मृती तपासताना जगभर हा प्रश्न विचारतात, चीनमध्येही. सत्तरी-ऐंशीतली ठणठणीत माणसंही त्यात सहसा तरुणांच्या मागे पडतात. मग आपण शेरा मारून मोकळे होतो : वय झालं, भाषा आटली.

मला हा शेरा साफ नामंजूर आहे. घड्याळाने मोजला जातो तो वेग, शब्दांचा साठा नव्हे. शब्दांचे अर्थ विचारले, तर निरोगी वृद्ध तरुणांच्या बरोबरीने, कित्येकदा सरस उत्तरं देतात. भांडं माळ्यावर असतं, ते खाली काढायला वेळ लागतो, इतकंच.

शिवाय मोजपट्टी कोणाची? स्मृतीची एक प्रसिद्ध चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. एकूण गुण ३०. त्यातला एक, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणण्याचा. चीनमध्ये त्या जागी 'चव्वेचाळीस दगडी सिंह' हे शब्द घेतले. प्रमाण चिनीत म्हणताना त्यात 'स' आणि 'श'सारखे उच्चार एकमेकांच्या पायात पाय घालतात. दक्षिणेकडच्या अनेक बोलींत मुळात हा भेदच नाही. प्रमाणभाषेचा देशभर सरकारी प्रसार सुरू झाला १९५६ मध्ये. आज नव्वदीत असलेली शांघायची आजी त्याच्या कितीतरी आधी बोलायला शिकली. तिची जीभ अडखळली, तर तो दोष मेंदूचा कसा? हाँगकाँगच्या कँटनी चाचणीत वाक्यच बदललं : मावशीचे यजमान माशाची आतडी विकत घेतात. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

आता तरुणांकडे बघू. 'लेखणी उचलली आणि अक्षर विसरलं' असा चिनीत एक वाक्प्रचारच आहे, आणि आज तो सर्रास फोनवाल्या पिढीबद्दल वापरतात. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा, समोर आलेल्या यादीतून हवं ते अक्षर निवडायचं. हाताने लिहायची वेळ आली की बोट थबकतं. उलट कितीतरी म्हातारी माणसं फोनच्या पडद्यावरही बोटाने अख्खं अक्षर रेखतात. पण तरुण विसरला की आपण म्हणतो, काळ बदलला. म्हातारा विसरला की म्हणतो, डोकं चालेना. हा दुटप्पीपणा आहे.

तपासण्या नकोत, असं मी म्हणत नाही. स्मृतिभ्रंश खरा आजार आहे आणि तो वेळेत कळायलाच हवा. पण मग ज्याची त्याला त्याच्या बोलीत तपासा, आणि निरोगी माणसाच्या दमाने बोलण्याला आजाराचं नाव देऊ नका.

आणि हे चीनपुरतं नाही. पुढच्या वेळी आजी 'ते हे... काय बरं...' म्हणत थांबली, की तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. गप्प बसा. तिला तो शब्द सापडेल.