बैल गेला नि झोपा केला!

ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून मजुरांसंबंधीचे जुने २९ कायदे जाऊन त्यांच्या जागी चार नव्या संहिता अमलात आल्या. वेतनाच्या व नोकरीवरून काढण्याच्या नियमांवर पुष्कळ वाद झाला, मालकांस काय मिळाले व मजुरांचे काय गेले याचाही खल झाला. परंतु या चारांतील दोन संहिता, एक कामाच्या जागेवरील सुरक्षिततेची व दुसरी सामाजिक सुरक्षेची, एकमेकींशी कितपत बोलतात, हा प्रश्न विचारला जावा तितका विचारला गेला नाही. आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिली संहिता मजुराचा हात शाबूत कसा राखावा हे सांगते. दुसरी तो गेल्यावर काय द्यावे हे सांगते. या दोहोंमध्ये जी भिंत उभी आहे, तिच्या आडोशाला दरसाल कित्येकांची बोटे, डोळे आणि फुप्फुसे नाहीशी होत आहेत.

पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेसचेच उदाहरण घ्या. मोटारीचे लहानसहान भाग बनविणाऱ्या शेकडो छोट्या कारखान्यांतून हे यंत्र दिसते. मजूर हाताने पत्रा साच्यावर ठेवतो, पायाने पट्टी दाबतो आणि वरचा ठोकळा खाली येतो. हात निघावयास क्षणाचा उशीर झाला की बोटे गेली. यावर उपाय काय, हे शोधण्यास विद्वानांची समिती नको. दोन्ही हातांनी दोन कळा एकदम दाबल्याखेरीज यंत्र चालू नये, अथवा पुढे जाळी असावी, अथवा हात आत असता ठोकळा आपोआप थांबावा, एवढी योजना पुरे आहे. पण जाळी लावली की तासाला चार नग कमी निघतात, म्हणून ती काढून ठेवली जाते. पुढे अपघात झाला की कायद्याचे परिशिष्ट उघडावयाचे. त्यात लिहिलेले आहे की अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० ने गेली, तर्जनी समूळ गेली तर शेकडा १४ ने. हे कोष्टक असू नये असे आम्ही म्हणत नाही. भरपाईला काही माप हवेच. परंतु जो देश हे कोष्टक जाळीपेक्षा अधिक तत्परतेने वापरतो, त्याने बैल गेल्यावर गोठ्याला झोपा लावण्याचा धंदा पत्करला आहे, असेच म्हटले पाहिजे.

या प्रश्नाचा इतिहास आपल्या मुंबईशी निगडित आहे. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या होत्याच. त्याचबरोबर, कामावर गंभीर इजा झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा पांगळा झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशीही मागणी होती. त्या काळी राष्ट्रीय म्हणविणाऱ्या कित्येक पत्रांनी फॅक्टरी कायद्यास विरोध केला, कारण त्यांना त्यात मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा कावा दिसला. तो संशय अगदीच निराधार होता असे नाही. तथापि परक्याचा कावा ओळखण्याच्या भरात आपल्याच बांधवाच्या तुटलेल्या हाताकडे डोळेझाक झाली, हा दोष आमच्या पक्षाच्या पदरी आहे आणि तो कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी, १८८४ च्या जुलैत, जर्मनीने अपघात विम्याचा कायदा केला. तो करविणारा बिस्मार्क हा काही मजुरांचा कैवारी नव्हता; समाजवाद्यांवर त्याने १८७८ सालीच कायद्याचा बडगा उगारला होता, आणि मजूर त्यांच्या नादी लागू नये हाच त्याचा हेतू होता. परंतु हेतू काहीही असो, योजना शहाणपणाची होती. एकेका धंद्यातील सर्व मालकांचा एकेक संघ बनला. अपघाताची भरपाई संघाने करावयाची, वर्गणी फक्त मालकांनी भरावयाची, आणि ती मजुरीच्या रकमेवर व कामाच्या धोक्याच्या वर्गावर ठरावयाची. मुख्य गोष्ट ही की अपघात टाळण्याचे नियम करण्याचा व कारखान्यांवर आपले तपासनीस पाठविण्याचा अधिकारही त्याच संघांना मिळाला. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याच्याच हाती यंत्राला जाळी लावण्याचा हुकूम आला. १९२५ साली धंद्यामुळे जडणाऱ्या रोगांचाही विम्यात समावेश झाला. आज तेथे या संस्थांचे प्रथम कर्तव्य प्रतिबंध हे आहे. उपचार, पुन्हा कामास लावणे आणि भरपाई ही त्यानंतरची.

आपल्याकडे काय झाले? इंग्लंडने १८९७ साली जो नमुना घातला, त्यावरून १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यात प्रत्येक मालक आपापल्या मजुराला जबाबदार, आणि मालक दिवाळखोर किंवा बेपत्ता झाला की मजुराने कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात अशी स्थिती. इजा सोबत्याच्या चुकीने झाली, किंवा मजुराने धोका जाणूनबुजून पत्करला, ही मालकाची जुनी कायदेशीर ढाल १९३८ च्या कायद्याने काढून घेतली. पुढे प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ साली आला. त्या वेळी मध्यवर्ती सरकारचे मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. त्या अहवालाच्या पायावर १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. ही योजना लहान नव्हे. कामावर इजा झाली तर वेतनाच्या शेकडा ९० पर्यंत निर्वाहवेतन, मृत्यू आला तर वारसांस मासिक आधार, शिवाय दवाखाना व औषध; इतके देणारी दुसरी व्यवस्था खाजगी मजुराच्या वाट्यास क्वचितच आली असेल. तिची थोरवी आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच तिच्यातील उणीव स्पष्ट सांगतो.

ती उणीव आमच्या व्यापारी वाचकांस चटकन समजेल. आपण गोदामाचा आगीचा विमा उतरवितो. कापसाच्या गाठींच्या गोदामास जो दर पडतो, तोच लोखंडी सळ्यांच्या गोदामास पडतो काय? आग विझविण्याची सोय केली की दर उतरतो, निष्काळजीपणा दिसला की चढतो. विमा हा असा जोखमीचा आरसा असतो. आता कामगार विमा पाहा. जुलै २०१९ मध्ये वर्गणीचा जो दर ठरला, तो मालकाकडून वेतनाच्या शेकडा ३.२५ व कामगाराकडून शेकडा ०.७५ असा आहे. आणि हिशेबाच्या कचेरीस, पापडाच्या कारखान्यास व दहा प्रेस चालविणाऱ्या वर्कशॉपास तो एकच आहे. ज्याने जाळी बसविण्यास पैसे खर्च केले तो व ज्याने ती काढून भंगारात टाकली तो, दोघेही सारखेच भरतात. किंबहुना दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचा खर्च पहिला भागवितो. यात दया आहे, पण न्याय नाही. आणि सुधारणेस उत्तेजन तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट तपासणीची. कारखान्यांची तपासणी राज्य सरकारच्या एका खात्याकडे, विमा दिल्लीहून चालणाऱ्या महामंडळाकडे. एकाच वर्कशॉपातून एका वर्षात तिसरा मजूर तुटलेल्या बोटांनिशी विम्याच्या दवाखान्यात आला, तर ते यंत्र दुसऱ्या दिवशी बंद व्हावे, असा कोणताही आपोआप चालणारा मार्ग नाही. त्यात नव्या संहितेने कारखान्याची व्याख्याच आखूड केली. विजेवर चालणाऱ्या जागेत पूर्वी १० मजूर असले की कारखाना होत असे. आता २० लागतात. विजेवाचून चालणाऱ्या जागेस २० ऐवजी ४० लागतात. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती साधारण कारखान्यास ५०० मजुरांपासून पुढे आहे. विम्याची सक्ती मात्र १० मजुरांपासूनच आहे. याचा अर्थ, पंधरा माणसांचे वर्कशॉप विम्यात आहे पण कारखान्याच्या खास नियमांत नाही. बोटे गेली तर पैसे देण्याची व्यवस्था तेथे पोहोचते. ती वाचविण्याची व्यवस्था दारातच थबकते.

अपघाताची निदान आरोळी तरी ऐकू येते. रोग मुकाट्याने मारतो. दगड फोडताना, गारगोटी दळताना किंवा अकीक घासताना जी बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते व त्यांस कठीण करून टाकते. या सिलिकोसिसवर औषध नाही. धूळ पाण्याने दाबणे व ती ओढून घेणारी यंत्रे लावणे, हाच उपाय. मध्य प्रदेशच्या झाबुआ, अलिराजपूर व धार जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि धाप लागून गावी परतले. अशा २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. मानवाधिकार आयोगाची तशी शिफारस २०१० मध्येच झाली होती. म्हणजे शिफारशीपासून आदेशापर्यंत सहा वर्षे, आणि पैसे कोणाचे? सरकारचे, म्हणजे करदात्यांचे. ज्यांच्या चक्क्यांतून ती धूळ उडाली, त्यांच्याकडून आधीच धोक्याप्रमाणे वर्गणी घेतली असती, तर पाण्याचा फवारा त्यांना स्वस्त वाटला असता. शिवाय हा रोग पुष्कळदा क्षय म्हणून खपून जातो. मजूर कोठे व किती वर्षे राबला याची नोंद नसल्याने मृत्यूचे कारण धंदा होता हे सिद्ध करण्याचे ओझे विधवेच्या शिरावर येते.

कोणी म्हणेल की धोक्याप्रमाणे दर लावला तर मालक अपघात लपवतील. ही शंका रास्त आहे. म्हणूनच दराचा मोठा भाग धंद्याच्या वर्गावरून ठरावा, एकेका कारखान्याच्या अपघातांवरून थोडाच फरक पडावा, आणि अपघात लपविण्यास अपघाताहून कडक शिक्षा असावी. दुसरे म्हणतील की मजूरच बेफिकीर असतो. बारा तास उभ्या असलेल्या माणसाचा हात एकदा चुकणारच. तो चुकला तरी बोट राहावे, याचेच नाव सुरक्षितता. तिसरे म्हणतील की देशी धंद्यास हा बोजा परदेशी चढाओढीत झेपणार नाही. आम्ही स्वदेशीचे अभिमानी आहो. परंतु स्वदेशी माल स्वदेशी बोटांच्या किंमतीने स्वस्त करणे हा देशाभिमान नव्हे. बोजा आजही आहेच. फरक इतकाच की तो मालकाच्या वहीत न दिसता मजुराच्या घरात दिसतो.

आमच्या सूचना थोडक्यात अशा. कामगार विम्यातील इजेचा भाग वेगळा काढून त्याची वर्गणी केवळ मालकांकडून व धोक्याच्या वर्गाप्रमाणे घ्यावी. विम्याच्या दवाखान्यात नोंदलेली प्रत्येक इजा तत्काळ तपासणी खात्यास कळावी आणि यंत्र सुरक्षित झाल्याचा दाखला मिळेपर्यंत ते बंद राहावे. निधीचा काही ठरावीक हिस्सा लहान कारखानदारांस जाळ्या, कळा व धूळ ओढणारी यंत्रे बसविण्यास बिनव्याजी द्यावा. धुळीच्या धंद्यांत प्रत्येक मजुराची नोंद व ठरावीक मुदतीने छातीची तपासणी व्हावी, मग तो ठेकेदाराचा असो वा एका दिवसाचा. धोक्याच्या धंद्यात एकच मजूर असला तरी विमा लागू करण्याची मुभा नव्या संहितेने सरकारास दिली आहे. ती कागदावर न ठेवता वापरावी.

यात अशक्य असे काय आहे? १९४८ च्या कायद्याच्या ६९ व्या कलमातच असे होते की कामाच्या जागेच्या अस्वच्छतेमुळे आजार बेसुमार वाढले, तर त्यांचा जादा खर्च मालकाकडून वसूल करता यावा. आणि हे तत्त्व नव्या संहितेनेही ठेवले आहे. ते आजारापुरते आहे, ते इजेपर्यंत न्यावे. बीज आपल्याच कायद्यात आहे. पाणी घालण्याची इच्छा हवी. लोखंड्यांनी मागितलेली भरपाई मिळावयास पुष्कळ दशके गेली. भरपाई मागण्याची वेळच येऊ नये, यासाठी आणखी तितकीच दशके घालविण्याचा अधिकार स्वतंत्र देशाच्या सरकारास नाही, आणि त्याला जाब न विचारता स्वस्थ बसण्याचा अधिकार आम्हां सुशिक्षितांसही नाही.