राखणाऱ्याला वाटा नाही, तर रान कुणी राखायचं?

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगावच्या कामगारांनो आणि खेड-मावळच्या गावकऱ्यांनो,

दर पावसाळ्यात आपल्या डोंगरांवर रोपं लागतात, फलक उभे राहतात, फोटो निघतात. उन्हाळ्यात वणवा येतो आणि सगळं जळून जातं. मग शहरात म्हणतात, गाववाल्यांना जंगलाची किंमत नाही. हा आरोप आम्हाला मान्य नाही.

किंमत नसती तर सह्याद्रीत देवराया उरल्याच नसत्या. १९७०च्या दशकात शास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर बोडके होऊनही त्या उभ्या होत्या. तिथे ना गार्ड, ना तारेचं कुंपण. कित्येक रायांत वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक. गरिबाने चुलीसाठी हात लावायचा नाही, तसा पाटलाने वाड्यासाठीही नाही. देवाचं भय होतंच, पण ते सगळ्यांना सारखं होतं.

आज मोळी आणणाऱ्या बाईचा कोयता जप्त होतो आणि डोंगराची सोंड जेसीबीने कापून फार्महाऊसला रस्ता निघतो. हे रोज पाहणारा माणूस रात्री वणवा विझवायला कशासाठी चढेल? आपण हात आवरला तर दुसराही आवरेल, एवढा भरवसा असला की माणूस स्वतःहून रान राखतो. तो भरवसा गेला की आपणच का थांबायचं, असं प्रत्येकाला वाटू लागतं.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. सामाईक रान, कुरण, पाणी वापरणाऱ्यांनीच नियम ठरवले, मोडणाऱ्याला आधी समज आणि मग वाढता दंड ठेवला, तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतं, हे त्यांनी देशोदेशींच्या उदाहरणांनी दाखवलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने ते आधीच करून ठेवलं होतं. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली.

आपल्याकडे त्याच २०११ मध्ये काय झालं? पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्टला बऊरजवळ गोळीबार झाला, तिघे गेले. शहराला पाणी देऊ नका, असं शेतकरी म्हणत नव्हते. जलवाहिनी झाली की आपल्या वाट्याला काय उरेल, ही त्यांची भीती होती. जंगलाचंही तसंच आहे. पवना, भामा वाहतात त्या डोंगरांवरच्या रानामुळे. ते पाणी पिणाऱ्या शहराने आणि वापरणाऱ्या कारखान्यांनी राखणदारीचा खर्च दरवर्षी उचलावा. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) पैसा ग्रामसभेच्या ठरावानेच खर्च व्हावा. कोणतं झाड, कुठे, ते गाव ठरवेल. आणि कोयत्याला जो कायदा, तोच जेसीबीला.

पश्चिम खेडच्या वाड्यांनो, हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी बांधवांनो, २००६च्या वनहक्क कायद्याने रान राखण्याचा आणि त्याचे नियम करण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. पुढच्याच ग्रामसभेत दावा मांडा. ठरावाला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. चाकणला शिफ्ट करणाऱ्या भावांनो, बहिणींनो, त्या दिवशी रजा टाका आणि गावी या.